‘नेटोत्सालर’: जास्त भरणाऱ्याचा हिशेब कुठे चुकतो

जर्मनीत निवडणूक असो, ब्रसेल्सची शिखर परिषद असो की म्युनिकमधल्या राज्य सरकारची पत्रकार परिषद, ‘नेटोत्सालर’ हा शब्द हमखास कानावर पडतो. जेवढं मिळतं त्याहून जास्त भरणारा, असा त्याचा साधा अर्थ. युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पात जर्मनी नेटोत्सालर आहे. जर्मनीच्या आत बव्हेरिया हे राज्य नेटोत्सालर आहे. आणि बव्हेरियातला चांगल्या पगाराचा, मूलबाळ नसलेला चाळिशीतला नोकरदार स्वतःला नेटोत्सालर समजतो. तिघांची तक्रार एकच: आम्हीच का भरायचं?

या प्रश्नाला उडवून लावणं चूक आहे. पैसे खरेच जातात आणि ते मोजताही येतात. पण त्या आकड्यावरून कोणावर अन्याय होतो आहे हे ठरवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या देशांनी तसं ठरवायचा हट्ट धरला, त्यांनी सामायिक तिजोरी वाईट पद्धतीनं खर्च होईल अशी व्यवस्था स्वतःच्या हातानं उभी केली.

आधी आकडा कसा निघतो ते पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

युरोपीय संघाला स्वतःचा आयकर नाही. त्याची नियमित जमा मुख्यतः चार वाटांनी येते. पहिली वाट सीमाशुल्काची. संघाबाहेरून येणाऱ्या मालावरचं शुल्क सदस्य देश गोळा करतात, वसुलीचा खर्च म्हणून २५ टक्के स्वतःकडे ठेवतात आणि ७५ टक्के ब्रसेल्सला पाठवतात. दुसरी मूल्यवर्धित कराची: सगळ्यांसाठी एकाच पद्धतीनं काढलेल्या कराच्या पायावर ०.३० टक्के. तिसरी २०२१ पासून सुरू झाली. पुनर्प्रक्रिया न झालेल्या प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यावर किलोमागे ८० सेंट द्यायचे. चौथी वाट सर्वांत मोठी, ती म्हणजे देशाच्या सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरणारी वर्गणी. संघाच्या वार्षिक अर्थसंकल्पात तूट ठेवायला परवानगी नाही. त्यामुळे पहिल्या तीन वाटांनी जे येईल ते आलं, की उरलेला खड्डा या वर्गणीनं भरतात. १९८८ पासून ही पद्धत आहे.

आता ‘निव्वळ’ आकडा काढायचा तर युरोपीय आयोगाची, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाची, रूढ पद्धत अशी. देशात झालेल्या संघाच्या खर्चातून प्रशासकीय खर्च वगळायचा. तो धरला तर बेल्जियम आणि लक्झेंबर्ग हे बडे लाभार्थी दिसू लागतात, कारण संघाच्या कचेऱ्या तिथे आणि कर्मचाऱ्यांचे पगारही तिथेच. जमेच्या बाजूनं सीमाशुल्क वगळायचं, कारण रॉटरडॅम बंदरात उतरलेल्या कंटेनरचं शुल्क नेदरलँड्सच्या खात्यात दिसतं, पण माल बहुधा ऱ्हाईन नदीनं जर्मनीतल्या ड्युइसबर्गला निघालेला असतो. मग देशांच्या उरलेल्या वर्गण्यांचं प्रमाण असं जुळवायचं, की सगळ्यांची बेरीज शून्य यावी. या हिशेबानं २०२३ मध्ये जर्मनीनं सुमारे १७ अब्ज युरो जास्त भरले. साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात हे माणशी वर्षाला साधारण २०० युरो होतात.

बेरीज शून्य यावी, ही अट नीट पाहायला हवी. पद्धतीतच असं ठरलं आहे की एकाला मिळालेला प्रत्येक युरो दुसऱ्यानं गमावलेला असतो. संघाच्या खर्चातून सगळ्यांचा एकदम फायदा होऊ शकतो, ही शक्यता हिशेब सुरू व्हायच्या आधीच बाहेर ठेवली जाते. गॅलिलिओ ही युरोपची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा घ्या. तिचे बहुतेक उपग्रह जर्मनीतल्या ब्रेमेनमधल्या कारखान्यात बांधले गेले. त्यांचा संकेत मात्र लिस्बनपासून टालिनपर्यंत प्रत्येक फोनला, जहाजाला, शेतातल्या ट्रॅक्टरला फुकट मिळतो. हा लाभ कोणत्या देशाच्या खात्यावर लिहायचा? लिहायला रकानाच नाही. तसंच, संघाच्या पैशातून पोलंडमध्ये महामार्ग झाला की सगळी रक्कम पोलंडच्या नावावर चढते. त्या कामावरची यंत्रं, पंप, सांडपाणी प्रकल्पाची उपकरणं जर्मन कंपन्यांकडून घेतली असली, तरी ते पैसे परत आल्याची नोंद कुठेच होत नाही.

इटलीचं उदाहरण याहून बोलकं आहे. नेहमीच्या अर्थसंकल्पात इटली देणाऱ्यांच्या यादीत येते. पण कोविडनंतर संघानं स्वतःच्या नावावर कर्ज काढून जो पुनरुत्थान निधी उभा केला, २०१८ च्या किमतींनुसार ७५० अब्ज युरोंचा, त्यातून अनुदान आणि कर्ज मिळून सर्वांत मोठा वाटा इटलीलाच मंजूर झाला: १९० अब्जांहून अधिक. हा निधी वर्गणीतून आलेला नसल्यामुळे निव्वळ हिशेबात सहसा धरत नाहीत. एकच देश एका वहीत देणारा आणि शेजारच्या वहीत सर्वांत मोठा घेणारा.

यावर नेहमीचं उत्तर असतं की जर्मनीचा खरा फायदा सामायिक बाजारपेठेतून होतो. बर्टल्समान प्रतिष्ठान या जर्मन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात तो जर्मनीपुरता माणशी वर्षाला सुमारे १,००० युरो काढला होता. आकडा २०० च्या पाचपट, म्हणून वाद संपला, असं पुष्कळ लोक म्हणतात. मी म्हणणार नाही. असे अंदाज गणिती प्रतिमानांतून निघतात. गृहीतकं बदलली की आकडा हलतो. शिवाय आक्षेप घेणारा रास्त विचारेल: बाजारपेठ तर करारानं मिळाली आहे, मग तिच्यासाठी दरवर्षी वर्गणी कशाला?

या आक्षेपाचं उत्तर इतिहासात सापडतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सामायिक बाजारपेठ उभी करायचं ठरलं, तेव्हा ग्रीस, पोर्तुगाल, स्पेन आणि आयर्लंड यांना स्वाभाविक भीती होती, की सीमा उघडल्या की जर्मन आणि फ्रेंच मालापुढे आपले कारखाने टिकणार नाहीत. त्यांनी दारं उघडली, त्या बदल्यात १९८८ मध्ये ज्याक देलोर अध्यक्ष असलेल्या आयोगाच्या प्रस्तावावरून मागास भागांसाठीचे निधी १९९३ पर्यंत दुप्पट करायचं ठरलं. पुढे मास्ट्रिख्ट करारासोबत याच चौघांसाठी वेगळा समन्वय निधी आला. म्हणजे बाजारपेठ आणि वर्गणी हा एकाच सौद्याचा दोन बाजूंनी लिहिलेला कागद आहे. त्यातलं एक कलम आवडलं म्हणून ठेवायचं आणि दुसरं महाग वाटतं म्हणून खोडायचं, असं करता येत नाही.

आणि आता मुख्य मुद्द्यावर येतो. या आकड्याचं खरं नुकसान तो चुकीचा असण्यात नाही. तो हातात घेऊन वाटाघाटीला बसलं की काय होतं, ते पाहा.

१९८४ मध्ये फाँतेनब्लोच्या बैठकीत ब्रिटननं वर्गणीत सूट मिळवली. निव्वळ तुटीच्या ६६ टक्के रक्कम परत. त्या वेळी तिला आधार होता. संघाचा दोन-तृतीयांशाच्या आसपास खर्च शेतीवर होत होता, ब्रिटनची शेती लहान होती, आणि तो देश तेव्हा सदस्यांमधल्या श्रीमंतांत मोडतही नव्हता. मार्गारेट थॅचर यांनी अडून बसून ती मिळवली यात वावगं काही दिसत नाही. पण ब्रिटन श्रीमंत झाला तरी सूट कायम राहिली. ती भरून काढायची बाकीच्यांनी. मग जर्मनी म्हणाली, आम्ही आधीच जास्त भरतो, ब्रिटनच्या सुटीचा आमचा वाटाही कमी करा. अखेर जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया आणि स्वीडन यांनी त्या भाराचा आपला फक्त चौथा हिस्सा उचलायचा असं ठरलं. सुटीवर सूट. उरलेला भार फ्रान्स, इटली, स्पेन यांच्यावर, आणि २००४ नंतर पोलंड, लाटव्हिया यांसारख्या नव्या, गरीब सदस्यांवरही. लाटव्हियाच्या करदात्यानं ब्रिटनच्या सुटीसाठी पैसे मोजायचे, ही गोष्ट कोणत्याही न्यायाच्या कसोटीवर टिकत नाही. ‘निव्वळ’ हिशेबाच्या तर्कानं मात्र ती पायरी-पायरीनं सहज घडली.

ब्रिटन गेला, सूट राहिली. जुलै २०२० मध्ये चार दिवस चार रात्री चाललेल्या शिखर परिषदेत २०२१ ते २०२७ साठी पाच देशांना दरवर्षी ठोक सवलत मिळाली: जर्मनी ३,६७१ दशलक्ष युरो, नेदरलँड्स १,९२१, स्वीडन १,०६९, ऑस्ट्रिया ५६५ आणि डेन्मार्क ३७७, सगळे आकडे २०२० च्या किमतींनुसार. त्याच रात्री सीमाशुल्कातला वसुलीखर्च २० वरून २५ टक्क्यांवर गेला. कंटेनर तपासायला एकाएकी जास्त माणसं लागू लागली नव्हती. मोठी बंदरं असलेल्या देशांना आणखी एक सवलत द्यायची होती, आणि ती ‘वसुलीखर्च’ या शीर्षाखाली बसवणं सोपं होतं. तरी वर म्हटल्याप्रमाणे सीमाशुल्क निव्वळ हिशेबात येत नाही, म्हणून ही सवलत तिथे दिसत नाही.

सवलती हे नुकसानाचं दिसणारं टोक. खोलवरचं नुकसान खर्चाच्या बाजूनं होतं. प्रत्येक अर्थमंत्री ‘आपल्याकडे किती परत येणार’ हे मोजत बसला, की त्याला तोच खर्च आवडतो ज्याची देशवार वाटणी आधीच ठरलेली असते. शेतीची थेट अनुदानं तशी असतात. प्रादेशिक विकासाचे निधीही तसेच. अर्थसंकल्पाचा जवळपास दोन-तृतीयांश हिस्सा याच दोन गोष्टींवर जात आला आहे. उलट सीमेपलीकडे वीज नेणाऱ्या वाहिन्या, बाह्य सीमांची राखण, संशोधन, रेल्वेचे आंतरदेशीय दुवे यांचा लाभ कोणाला किती हे आधी सांगता येत नाही, आणि वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री कात्री नेमकी त्यांच्यावर चालते. २०२० च्या त्याच परिषदेत संशोधन आणि सार्वजनिक आरोग्याच्या तरतुदी कापल्या गेल्या, आणि तेही महामारीच्या ऐन भरात! जी कामं एकेका देशाला परवडत नाहीत म्हणून संघ हवा, तीच कामं या मोजमापामुळे मागे पडतात. तळमजल्यावरच्या सदनिकाधारकानं लिफ्टचा मेंटेनन्स द्यायला नकार दिला, चौथ्या मजल्यावरच्यानं बागेचा, आणि गाडी नसलेल्यानं पार्किंगच्या दिव्यांचा, तर सोसायटीत शेवटी काय चालू राहील याचा अंदाज कोणत्याही सेक्रेटरीला असतो.

म्हणून मी म्हणतो, नेटोत्सालर असल्याचा धोशा लावून जर्मनीनं थोडी सवलत मिळवली आणि त्या बदल्यात वाईट अर्थसंकल्प पत्करला.

हाच प्रश्न जर्मनीच्या पोटात आहे, आणि तिथे तो अधिक बारकाईनं हाताळला गेला आहे. राज्याराज्यांतली आर्थिक दरी कमी करण्याची जबाबदारी जर्मन राज्यघटनेनंच घातली आहे. २०२० पासून ही फेरवाटणी विक्रीकराच्या, म्हणजे मूल्यवर्धित कराच्या वाटपातूनच होते. २०२३ मध्ये अशी सुमारे १८ अब्ज युरोंची फेरवाटणी झाली; त्यातला निम्मा भार, नऊ अब्जांहून अधिक, एकट्या बव्हेरियावर पडला. सर्वांत जास्त मिळालं बर्लिनला, साडेतीन अब्जांच्या वर. त्याच वर्षी बव्हेरियानं या व्यवस्थेविरुद्ध संघराज्य घटनात्मक न्यायालयात धाव घेतली.

पण बव्हेरियाच्या तक्रारीत एक जुना अध्याय सोयीनं गाळला जातो. १९५० पासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बव्हेरिया हेच घेणारं राज्य होतं. शेतीप्रधान, विस्थापितांनी भरलेलं, उद्योग कमी. तेव्हा देणाऱ्यांत होतं नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया, रूर खोऱ्यातल्या कोळशाच्या आणि पोलादाच्या जोरावर. कोळसा संपत आला, पोलादाचे कारखाने बंद पडले, आणि तेच राज्य पुढे घेणाऱ्यांच्या रांगेत आलं. आयर्लंडचंही तसंच: १९७३ मध्ये संघात आल्यापासून चार दशकं घेणारा, आज देणारा. एका वर्षाचा ताळेबंद पाहून कोणाला भार वाहणारा आणि कोणाला आयतोबा ठरवायचं, तर ते वर्ष कोणतं, यावरच निकाल अवलंबून राहतो.

तरी बव्हेरियाच्या म्हणण्यात एक मुद्दा अगदी खरा आहे, आणि तो मोजून दाखवण्यासारखा आहे. जर्मनीत कर कार्यालयं राज्यांची असतात; तपासनीसाचा पगार राज्य देतं. समजा, त्यानं एका कंपनीमालकाच्या विवरणपत्रात १०० युरोंचा चुकवलेला आयकर शोधला. त्यातले ४२.५ युरो केंद्राला जातात, १५ नगरपालिकेला, आणि ४२.५ राज्याला. आता फेरवाटणी. सरासरीपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या राज्याला वरच्या रकमेतले ६३ टक्के सोडावे लागतात, म्हणजे त्याच्याकडे उरले १५-१६ युरो. सरासरीपेक्षा खालच्या राज्याची अवस्था आणखी बिकट. त्याची तूट १०० ची असेल तर ६३ फेरवाटणीतून भरतात, आणि उरलेल्या फरकाच्या मोठ्या भागाची ८० टक्के भरपाई केंद्र करतं. उत्पन्न वाढलं की हे दोन्ही आटतात. ढोबळमानानं अशा राज्याच्या हाती त्या ४२.५ मधले तीनच युरो राहतात. (नगरपालिकेचं उत्पन्नही ७५ टक्के हिशेबात धरलं जातं, ते इथे सोडून देतो.) पगार शंभर टक्के राज्याचा आणि कमाई तीन टक्के. मग तपासनीसांच्या जागा भरायची घाई कोणत्या अर्थमंत्र्याला असेल? दोष आहे तो इथे. राज्य श्रीमंत असो वा गरीब, स्वतः मिळवलेल्या जादा युरोतला भरघोस भाग त्याच्याकडे राहायला हवा. करवसुलीचा खर्च फेरवाटणीच्या आधी वजा करण्याची सोय केली, तरी पुष्कळ सुधारणा होईल. या मागणीला ‘आम्ही जास्त भरतो’ या रडगाण्याची गरजच नाही. ती घेणाऱ्या राज्यांच्याही हिताची आहे.

आणखी एका बाबतीत जर्मन व्यवस्था शहाणी आहे. पगारावरचा कर कापला जातो कंपनीच्या गावात, पण तो धरला जातो कर्मचारी राहतो त्या राज्याच्या खात्यात. एकाहून जास्त राज्यांत कारखाने असलेल्या कंपनीचा कर त्या राज्यांत विभागला जातो. मुख्य कार्यालय फ्रांकफुर्टला आहे म्हणून सगळा कर हेसेन राज्यानं मिरवायचा, असं होत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा तपशील जवळचा वाटायला हवा. देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक महाराष्ट्रातून जमतो आणि पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या वाट्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला दिले, उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के, ही तुलना आपल्याकडे वारंवार होते. दोन्ही आकडे खरे. पण प्रत्यक्ष कराचा राज्यवार आकडा कर कुठे भरला ते सांगतो. कमाई कुठे झाली ते सांगत नाही. खाण झारखंडात, ग्राहक देशभर आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, अशा कंपनीचा कर मुंबईच्या खात्यात दिसतो. हे रॉटरडॅमचंच प्रकरण. हा कर विभागून दाखवणारी जर्मनीसारखी पद्धत आपल्याकडे नसताना त्यावरून अन्यायाचं माप काढणं कच्चं आहे. हाच तर्क राज्याच्या आत लावला, तर मुंबई-पुण्यानं मराठवाडा-विदर्भाला हिशेब मागावा लागेल. महाराष्ट्रानं १९७० च्या दशकात याच्या बरोबर उलट केलं होतं: शहरी नोकरदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि त्याचा पैसा दुष्काळी भागातल्या रोजगार हमीला जोडला. पगारपत्रकावर आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते त्याच कराचे. आपल्या राज्याची मागणी वित्त आयोगापुढे जोरानं मांडायलाच हवी. ती निकषांवर मांडावी: पंधराव्या आयोगानं उत्पन्नातल्या अंतराला दिलेला ४५ टक्के भार योग्य होता का, करप्रयत्नाला फक्त अडीच टक्के का दिले, शहरांकडे येणाऱ्या स्थलांतराचा खर्च कोणत्या निकषात धरला आहे. ‘भरलं इतकं, मिळालं इतकं’ या वजाबाकीतून यातलं एकही उत्तर निघत नाही.

राहिला तो सुरुवातीचा एकटा नोकरदार. जर्मनीतल्या वरच्या दहा टक्के उत्पन्नगटाकडून निम्म्याहून अधिक आयकर येतो, हे खरं आहे. पण आयकर हा एकच कर नव्हे. पावापासून पेट्रोलपर्यंत ७ किंवा १९ टक्के मूल्यवर्धित कर गरीबही भरतो, आणि पगारातून सामाजिक विम्याचे हप्ते पहिल्या काही शे युरोंपासूनच कापले जातात. काही जण तर सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला आणि सार्वजनिक रुग्णालयातल्या परिचारिकेला ‘घेणाऱ्यां’त टाकतात, कारण त्यांचा पगार सार्वजनिक पैशातून येतो. त्यांचं काम मात्र कोणत्याच बाजूला मांडत नाहीत.

काय भरलं म्हणजे ‘भरणं’ होतं, यावर जर्मन घटनात्मक न्यायालयानं २००१ मध्ये दिलेला निकाल मला या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. प्रश्न होता शुश्रूषा विम्याचा, म्हणजे म्हातारपणी किंवा अपंगत्वात रोजच्या देखभालीचा खर्च देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा. आजचे हप्ते भरणारे आजच्या म्हाताऱ्यांचा खर्च उचलतात, आणि त्यांचा खर्च पुढची पिढी उचलणार. न्यायालय म्हणालं, मुलं वाढवणारे आईबाप पैशाचा हप्ता तर भरतातच, शिवाय उद्या हप्ते भरणारी माणसंही तयार करतात. मुलं वाढवणारे आणि मूल नसलेले, दोघांकडून सारखाच हप्ता घेणं समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. त्यानंतर २००५ पासून मूल नसलेल्या, २३ वर्षांवरील विमाधारकांना जादा हप्ता लागू झाला. २०२२ मध्ये न्यायालयानं मुलांची संख्याही धरायला सांगितली. २०२५ चे दर असे: एक मूल असलेल्याला पगाराच्या ३.६ टक्के, मूल नसलेल्याला ४.२ टक्के, २५ वर्षांखालची दोन मुलं असतील तर ३.३५, तीन असतील तर ३.१, चार असतील तर २.८५ आणि पाच किंवा अधिक असतील तर २.६ टक्के. मालकाचा १.८ टक्क्यांचा वाटा यातच आला.

ज्यांना मूल होऊ शकलं नाही त्यांच्यावर हा हप्ता कठोर आहे, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. त्यावरची टीका मला पटते. तरीही तत्त्व म्हणून या निकालानं एक दार उघडलं. पैशाच्या रकान्यात न दिसणारं योगदान मोजलं नाही, तर हिशेब अपुरा राहतो, असं एका सर्वोच्च न्यायपीठानं कायद्याच्या भाषेत मान्य केलं, आणि मग कायदेमंडळानं ते दशांश चिन्हापर्यंत नेऊन दाखवलं.

जास्त भरणाऱ्याला विशेष हक्क कोणता? वर्गणीच्या प्रमाणात परतावा मागण्याचा नाही. पैसा ठरल्या कामावर, चोरी न होता खर्च होतो का, हे विचारण्याचा हक्क त्याला पुरेपूर आहे, आणि तो घेणाऱ्या देशातल्या नागरिकालाही तितकाच आहे. हंगेरीत संघाच्या पैशातली कंत्राटं सत्तेच्या जवळच्या वर्तुळात फिरत असल्याचे आरोप वर्षानुवर्षं होते. डिसेंबर २०२२ मध्ये सदस्य देशांनी कायद्याच्या राज्याशी जोडलेल्या अटींखाली त्या देशाचे सुमारे ६.३ अब्ज युरो रोखले. ही अट २०२१ पासूनच लागू झाली. त्याआधीच्या तीस-पस्तीस वर्षांत देणाऱ्या देशांनी वाटाघाटींतली ताकद सवलती मिळवण्यात खर्च केली. तीच ताकद लेखापरीक्षणासाठी वापरली असती, तर मुख्य फायदा हंगेरीच्या सामान्य माणसाचा झाला असता.

पुढची लढाई सुरू झाली आहे. जुलै २०२५ मध्ये आयोगानं २०२८ ते २०३४ साठी सुमारे दोन लाख कोटी युरोंचा आराखडा मांडला आणि जर्मन सरकारनं लगेच इतकी वाढ मान्य नसल्याचं सांगितलं. कोविड निधीच्या कर्जाची फेड २०२८ पासून २०५८ पर्यंत करायची आहे, तिचा वाटाही याच आराखड्यात बसवायचा आहे. जमेच्या नव्या वाटांचा निर्णय सगळ्या देशांच्या एकमतानं आणि प्रत्येक देशात संमत व्हावा लागतो, म्हणजे कोणताही एक देश गाडी अडवू शकतो. या वेळी जर्मन वाटाघाटीकारांनी तीन गोष्टी धराव्यात असं मला वाटतं. पाच देशांच्या ठोक सवलती, स्वतःची धरून, बंद कराव्यात. सीमाशुल्काचा वसुलीखर्च प्रत्यक्ष खर्चाइतका, २००१ पूर्वी होता तसा दहा टक्क्यांवर, आणावा. आणि देशवार न वाटलेल्या कामांसाठी, म्हणजे वीजवाहिन्या, सीमा, संशोधन यांसाठी, अर्थसंकल्पाचा किमान हिस्सा आधीच राखून ठेवावा, जेणेकरून शेवटच्या रात्री त्याला हात लावता येणार नाही. निव्वळ आकडा खुशाल दरवर्षी छापावा. फक्त त्याच पानावर सीमाशुल्क, प्रशासकीय खर्च, कर्जनिधीतलं वाटप आणि परदेशी कंत्राटांतून परत गेलेली रक्कम, हे चार रकाने शेजारी द्यावेत.